वजन अधिक असलेल्या व्यक्तीसाठी टिकाऊ सायकल : निवड, तपासणी आणि सुरुवात
(नोएडा व परिसरातील कुटुंबांसाठी आणि दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. अशा अनेकांना डॉक्टर नियमित व्यायामाचा सल्ला देतात. चालताना किंवा धावताना गुडघ्यांवर व घोट्यांवर शरीराचा सर्व भार येतो. सायकलीवर त्यातील बराचसा भार सीट पेलते. त्यामुळे वजन अधिक असलेल्यांना सायकल हा सोसवणारा व्यायाम ठरतो.

मात्र अनेकांचा अनुभव निराळाच असतो. मोठ्या उत्साहाने नवी सायकल घरी येते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाचा आरा तुटतो, वारंवार पंक्चर होते, दुकानदार वजनाकडे बोट दाखवतो आणि सायकल जिन्याखाली उभी राहते. व्यायाम तेथेच थांबतो आणि मनात संकोच उरतो. यात दोष शरीराचा नसून निवडीचा असतो. ती निवड योग्य कशी करावी, हे या पत्रकात सांगितले आहे.

आजच्या वजनासाठी सायकल घ्यावी

‘आधी थोडे वजन उतरवू, मग सायकल घेऊ’ किंवा ‘वजन उतरणारच आहे, तेव्हा हलकी सायकल चालेल’ असे दोन विचार सर्रास ऐकू येतात. दोन्ही टाळावेत. सायकल आज असलेल्या वजनासाठीच निवडावी. भक्कम सायकल वजन उतरल्यावरही तितकीच उपयोगी पडते. नाजूक सायकल मात्र वजन उतरेपर्यंत टिकत नाही.

मजबूत सायकलीचे रहस्य आपल्याकडील जुन्या पिढीला ठाऊक होते. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळची काळी, २८ इंची सायकल दुधाच्या किटल्या वाही, गॅसची टाकी वाही आणि डबल सीटही नेई. तिच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असत. टायर रुंद असत, फ्रेम पोलादाची असे. अधिक भार मागच्या चाकावर येतो, म्हणून अधिक आरे मागे, हा त्यातील साधा हिशेब होता. आज दुकानात चकचकीत रोड बाइक पाहताना हाच हिशेब मनात ठेवावा.

प्रथम दवाखान्यात

भारतीयांसाठी वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, उंची १.७० मीटर आणि वजन १०४ किलो असल्यास निर्देशांक ३६ येतो. त्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांपेक्षा अधिक घेर हा मधुमेह व हृदयविकार यांच्या वाढत्या धोक्याचा इशारा असतो.

सायकल सुरू करण्यापूर्वी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील नागरिकांसाठी ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत उपलब्ध आहे. पुढील व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नये :

• छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा भोवळ येणे असा त्रास असणारे
• हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणारे
• इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे. काही औषधांमुळे व्यायामानंतर साखर एकाएकी उतरू शकते
• गुडघ्यांची झीज झालेले किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झालेले

एकूण भाराची बेरीज करावी

प्रत्येक सायकलीसाठी उत्पादकाने कमाल भार ठरवलेला असतो. तो सायकलीसोबतच्या पुस्तिकेत किंवा उत्पादकाच्या माहितीत सापडतो. हा आकडा पुष्कळदा केवळ चालकाचा नसून चालक, सायकल आणि सामान यांचा मिळून असतो. फसगत नेमकी येथेच होते.

समजा, चालकाचे वजन १०४ किलो आहे. सायकल १२ किलोची आहे. पाण्याची बाटली, कुलूप, पंप आणि दप्तर मिळून ४ किलो होतात. एकूण भार १२० किलो झाला. ज्या सायकलीची एकूण मर्यादा ११५ किलो आहे, ती या व्यक्तीसाठी योग्य नाही. दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हटले तरीही नाही. आपल्या बेरजेपेक्षा किमान १० किलोंनी अधिक मर्यादा असलेली सायकल निवडावी. मर्यादेचा आकडा मिळतच नसेल, तर ती सायकल घेऊ नये.

या बेरजेतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. एक किलो हलक्या सायकलीसाठी दुकानात बरीच जास्त किंमत मागितली जाते. १२० किलोंच्या एकूण भारात तो एक किलो म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. तेच पैसे चांगल्या चाकांवर खर्च करावेत.

चाक : पहिली कसोटी

वजन अधिक असताना सायकलीचा जो भाग सर्वप्रथम हार मानतो, तो बहुधा मागच्या चाकाचा आरा असतो. त्याचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे.

चाकाचे आरे ताणून बसवलेले असतात. चाक फिरताना जो आरा खाली येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना तो परत येतो. सामान्य रोड बाइकचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६५ वेळा फिरते. म्हणजे दहा किलोमीटरच्या फेरीत प्रत्येक आरा साडेचार हजारांहून अधिक वेळा सैल होऊन ताणला जातो. तार वारंवार वाकवली की अखेर तुटते, तसाच आरा थकून तुटतो. तो बहुधा हबजवळच्या वळणावर तुटतो. आरे आधीच सैल किंवा कमी-अधिक ताणाचे असतील, तर हे लवकर घडते. आरे अधिक असले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी भार येतो.

म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात :

• आऱ्यांची संख्या. शर्यतीच्या धाटणीच्या चाकांत २० किंवा २४ आरे असतात. ती टाळावीत. दोन्ही चाकांत किमान ३२ आरे असावेत. वजन १०० किलोंच्या पुढे असल्यास मागच्या चाकात ३६ आरे मिळाल्यास उत्तम.
• रिम. रिम दुहेरी भिंतीची असावी. एकेरी पत्र्याची रिम खड्ड्यात लवकर वाकते.
• हाताने ताण. कारखान्यात यंत्रावर जोडलेल्या चाकांचा ताण पुष्कळदा असमान असतो. सायकल ताब्यात घेण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीकडून आऱ्यांचा ताण सारखा करून आऊट काढून घ्यावा. याला फारसा खर्च येत नाही आणि चाकाचे आयुष्य वाढते.

एक आरा तुटला, तर तेवढा बदलून घ्यावा. एकापाठोपाठ आरे तुटू लागले, तर संपूर्ण चाक नव्या आऱ्यांनी बांधून घ्यावे. सायकल बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

टायर आणि हवा

रोड बाइकना अनेकदा २३ किंवा २५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. वजन अधिक असलेल्यांसाठी ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर योग्य. २५ ऐवजी ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेला दीडपटीहून अधिक जागा मिळते. अधिक हवा म्हणजे खड्ड्यात रिम जमिनीला न टेकणे, मनगटांना कमी हादरे आणि कमी पंक्चर. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली गेली असे समजावे. हे पंक्चर काट्याचे नसून कमी हवेचे असते.

खरेदीपूर्वी फ्रेममध्ये रुंद टायर बसतो का, हे पाहावे. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे.

हवेच्या दाबाची कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. ती ओलांडू नये. मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा थोडी अधिक हवा ठेवावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची सवय येथे पुरत नाही. दाब दाखवणारा पंप घरी ठेवावा आणि आठवड्यातून किमान एकदा हवा तपासावी. वॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे, हेही विचारावे. स्कूटरसारखा जाड वॉल्व्ह असल्यास पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, लांब वॉल्व्ह असल्यास छोटा जोड सोबत ठेवावा लागतो.

फ्रेम आणि फोर्क

पोलाद किंवा अॅल्युमिनियम यांपैकी कोणतीही चांगल्या बनावटीची फ्रेम चालते. पोलाद थोडे जड असते, पण हादरे सोसते आणि जोड देऊन दुरुस्त करता येते. कार्बनची फ्रेमही उत्पादकाच्या मर्यादेत बसत असल्यास वापरता येते. मात्र पडल्यावर तिच्या आतील तडा बाहेरून दिसेलच असे नाही. म्हणून पहिल्या सायकलीसाठी आणि विशेषतः जुनी सायकल घेताना कार्बन टाळावे.

स्वस्त सायकलींच्या पुढच्या फोर्कमधील स्प्रिंग वजनदार चालकाखाली पूर्ण दबते, ब्रेक लावताना सायकल पुढे झुकते आणि नियंत्रण सैल होते. साधा, घट्ट फोर्क आणि रुंद टायर ही जोडी अधिक भरवशाची ठरते.

ज्यांना पाय उंच उचलून नळीवरून टाकणे कठीण जाते, त्यांनी खाली उतरत्या नळीची फ्रेम निवडावी. दुकानात तिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात. पुरुषांनीही ती घेण्यात संकोच बाळगू नये. चढता-उतरता तोल जाऊन पडणे हा नव्या चालकांसाठी खरा धोका आहे.

ब्रेक आणि गिअर

भार वाढला की थांबण्यासाठी लागणारा जोरही वाढतो. ६५ किलोंची व्यक्ती आणि १०४ किलोंची व्यक्ती सारख्याच वेगाने, सारख्याच १२ किलोंच्या सायकलीवर जात असतील, तर दुसऱ्या व्यक्तीच्या ब्रेकला दीडपट ऊर्जा शोषावी लागते. म्हणून डिस्क ब्रेक घेणे हिताचे. पावसात रिमवर दाबणारे रबर घसरते, तेव्हा हा फरक विशेष जाणवतो. दुकानात सायकल चालवून दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे तपासावेत. ब्रेकची कांडी दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये.

नोएडाचे रस्ते सपाट आहेत. तरीही उड्डाणपुलांचे चढ, समोरचा वारा आणि प्रत्येक सिग्नलवर शून्यापासून घ्यावा लागणारा वेग गुडघ्यांची परीक्षा घेतात. पुढचे सर्वांत लहान दातेरी चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे ३२ किंवा ३४ दात्यांचे असल्यास चढावर पाय सहज फिरतात. जड गिअरमध्ये दाबून पेडल मारण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये भराभर पाय फिरवणे गुडघ्यांना मानवते.

बसण्याची ठेवण

• सीटची उंची. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेले असता पाय सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात किंचित वाक राहतो. सीट फार खाली असल्यास गुडघे दुखतात.
• सीटचा दांडा. दांड्यावरील किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत गेलेलीच असावी. खूण बाहेर ठेवून सायकल चालवल्यास दांडा वाकू शकतो किंवा तुटू शकतो.
• सीटचा प्रकार. फार मऊ, गुबगुबीत सीटमध्ये शरीर रुतते आणि नाजूक भागावर दाब येतो. बैठकीच्या हाडांना आधार देणारी, पुरेशी रुंद आणि मध्यम टणक सीट घ्यावी.
• हँडल. हँडल सीटच्या पातळीत किंवा थोडे वर असावे. फार खाली असल्यास पोट दबते, श्वास अपुरा पडतो आणि तळहात बधिर होतात. शर्यतीच्या ठेवणीऐवजी लांब पल्ल्यासाठी बनवलेली रोड बाइक किंवा सरळ हँडलची हायब्रीड सायकल पाहावी.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

दिल्लीतील झंडेवालान येथील सायकल बाजारात किंवा आपल्या सेक्टरमधील दुकानात जाताना हे प्रश्न लिहून न्यावेत.

१. कमाल भार किती, आणि तो केवळ चालकाचा की एकूण?
२. प्रत्येक चाकात आरे किती, आणि रिम दुहेरी भिंतीची आहे का?
३. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसतो का?
४. हमी कशावर, किती काळ, आणि ती वजनामुळे रद्द होते का?
५. पहिल्या तपासणीत आऱ्यांचा ताण पाहून आऊट काढून दिला जाईल का?

पैसे मर्यादित असतील, तर प्राधान्याचा क्रम असा ठेवावा : चाके, टायर, ब्रेक, गिअर. रंग, नाव आणि हलकेपणा यांचा विचार त्यानंतर करावा.

पहिले दोन महिने

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती पहिल्याच आठवड्यात गाठण्याची घाई करू नये. सुरुवातीला दहा ते पंधरा मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवावी. दर आठवड्याला थोडी वेळ वाढवत सहा ते आठ आठवड्यांत रोज तीस मिनिटे, पाच दिवस इथवर यावे. चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत श्रम योग्य समजावेत.

सायकलीचीही या काळात काळजी घ्यावी. पहिल्या शंभर ते दीडशे किलोमीटरनंतर नवे आरे थोडे सैल होतात. त्या वेळी मिस्त्रीकडे नेऊन ताण तपासून घ्यावा. ही एक फेरी चुकवल्यामुळेच अनेक चाके बिघडतात. त्यानंतर दर महिन्याला आरे दोन बोटांनी चाचपावेत, फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का पाहावे आणि चेनला तेल द्यावे.

वजनकाट्यावर लगेच फरक न दिसल्यास निराश होऊ नये. रक्तदाब, साखर, झोप आणि दम यांत सुधारणा वजन उतरण्यापूर्वीही होऊ लागते. पाच टक्के वजन उतरल्यानेही लाभ होतो; १०४ किलोंच्या व्यक्तीसाठी ते सुमारे पाच किलो होतात. त्यासाठी व्यायामाला आहाराची जोड हवी. फेरीहून परतल्यावर गोड पेय किंवा तळलेले पदार्थ खाल्ल्यास खर्च झालेली ऊर्जा लगेच भरून निघते.

नोएडाचा रस्ता, ऋतू आणि हवा

रस्ता. शहरातील काही प्रमुख रस्त्यांलगत सायकल मार्ग आहेत. जेथे ते मोकळे आहेत तेथे त्यांचाच वापर करावा. सेक्टरांमधील अंतर्गत रस्ते सुरुवातीसाठी योग्य. नोएडा–ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेसारख्या भरधाव वाहनांच्या मार्गावर व्यायामासाठी जाऊ नये. गतिरोधकावर सीटवरून किंचित उठून भार पायांवर घ्यावा. त्याने मागचे चाक वाचते. नाल्यांवरील लोखंडी जाळ्या आडव्या ओलांडाव्यात. हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि चाकांवर परावर्तक असल्याशिवाय निघू नये.

ऋतू. मे-जूनमध्ये तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. सूर्य वर येण्यापूर्वी फेरी संपवावी आणि पाणी सोबत ठेवावे. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यात सायकल बाहेर काढू नये.

हवा. दररोज निघण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर हवा गुणवत्ता निर्देशांक पाहावा. निर्देशांक २०० च्या पुढे म्हणजे ‘खराब’ असल्यास दमा, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्येष्ठांनी बाहेरचा व्यायाम टाळावा. ३०० च्या पुढे म्हणजे ‘अतिशय खराब’ असल्यास सर्वांनीच घरात व्यायाम करावा. घरातील स्थिर सायकल घेतानाही तिची कमाल भारमर्यादा पाहावी. तिलाही ती असते.

तत्काळ थांबावे, मदत घ्यावी

छातीत दाब किंवा वेदना, ती जबड्याकडे वा डाव्या हाताकडे पसरणे, अचानक धाप, भोवळ, थंड घाम किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवल्यास सायकल थांबवून बसावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. मधुमेही व्यक्तींनी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. हात थरथरणे, घाम किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास ती लगेच घ्यावी. सोबत नाव, आजार, औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. रस्त्यात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्या नागरिकाला मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये संरक्षण आहे. म्हणून मदतीस कचरू नये.

घरच्यांना विनंती

वजन अधिक असलेली व्यक्ती सायकलीवर बसते तेव्हा तिला वाहनांपेक्षा लोकांच्या नजरेची भीती अधिक वाटते. सोसायटीच्या फाटकापाशी झालेली एखादी थट्टा सायकल कायमची बंद पाडू शकते. घरच्यांनी पहिले काही दिवस सोबत जावे, हवा भरून द्यावी, फेरीची वेळ राखून ठेवावी. आजोबांच्या काळी सायकलीने कुटुंबाचा भार वाहिला, तेव्हा कोणी त्या भाराला हसले नाही. तोच मान आज व्यायामासाठी निघालेल्या आपल्या माणसालाही द्यावा.

लक्षात ठेवावे

• सायकल आजच्या वजनासाठी घ्यावी. चालक, सायकल व सामान यांची बेरीज करावी.
• किमान ३२ आरे, दुहेरी भिंतीची रिम, ३२ मिलिमीटर किंवा रुंद टायर, डिस्क ब्रेक.
• आठवड्यातून एकदा हवा. पहिल्या दीडशे किलोमीटरच्या आत आऱ्यांची तपासणी.
• आधी रक्तदाब व साखर. मग दहा मिनिटांची पहिली फेरी.

हे पत्रक वाचून झाल्यावर कृपया शेजारच्या कुटुंबास द्यावे.